खाटेचा पाळणा

लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीला काय म्हणायचं, यावरून सिल्व्हर पार्कमधल्या घाडींच्या घरात वर्षभर वाद चालला होता. आत्माराम म्हणायचा, रिकामी खोली. मृणालिनी म्हणायची, रुचिताची खोली. दोघंही खरंच बोलत होते, आणि नवरा-बायको दोघंही खरं बोलायला लागले की घरात भांडण कसं मिटणार?

तसं बघितलं तर आत्मारामच्या वाट्याला रिकामी खोली कधी आलीच नव्हती. लालबागच्या चाळीत एका खोलीत सात माणसं झोपायची, एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. सुतारकामाची हौस त्याला तेव्हापासूनची. गणपतीचं मखर तो करायचा, कोणाचं स्टूल डुगडुगायला लागलं की लोक त्याच्याकडे आणायचे. पण करवत चालवायची ती बाहेरच्या गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत बसून, आणि भुसा उडाला म्हणून शेजारणींचे टोमणे खात. विमा कंपनीतली कारकुनी त्याने पोटासाठी केली. जीव होता तो रंध्यात. मीरा रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं, आता आपल्याला एखादा कोपरा मिळेल. ती दुसरी खोली मुलीला गेली आणि हत्यारांची पिशवी पलंगाखाली गेली. हौसेला मोल नाही म्हणतात, पण जागा लागते.

खोली मुलीला दिल्याबद्दल त्याची तक्रार मात्र कधीच नव्हती. उलट तिच्यासाठी खाट त्यानेच शोधून आणली होती, गिरगावातल्या एका जुन्या घराचं सामान विकायला निघालं होतं तिथून. सागवानी, जाड पायांची, उशाला रुंद फळी असलेली. रुचिता तेव्हा सहावीत होती. तोवर ती आईबापांच्या मध्ये जमिनीवर झोपलेली. ती खाटेवर चढून बसली, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "दार लावलं तर चालेल?" मृणालिनीला हसू आलं. घाडींच्या घराण्यात दार लावून झोपलेली ती पहिलीच. पुढे उशाच्या फळीवर तिने कर्कटकाने आपलं नाव कोरलं, 'ता'ला एक फूल काढलं, आणि त्याबद्दल बापाच्या हातचा धपाटाही खाल्ला. दहावी-बारावीचे अभ्यास, तापाची दुखणी, मैत्रिणींशी झालेली भांडणं, सगळं त्या खाटेवर झालं.

मग तिचं लग्न होऊन ती कल्याणला गेली. मुलगा, स्वप्नील, चांगला. सासरची माणसंही चांगली, फक्त घर लहान. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, दीर आणि हे दोघं. रुचिता त्याबद्दल कधी काही बोलली नाही, आणि आत्मारामने कधी विचारलं नाही. आपण नाही का सात जण राहत होतो, असं त्याचं म्हणणं.

तो निवृत्त झाला आणि त्या बंद दाराकडे जास्तच बघायला लागला. "रोज झाडून पुसून ठेवतेस, देऊळ आहे का ते?" असं तो बायकोला चिडवायचा. मृणालिनी म्हणायची, "मुलगी सासरी गेली म्हणून माहेर संपतं का? तुमचा भुसा त्या खोलीत गेला, तर मी गावाला निघून जाईन." ती गावाला जाणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि ती खोली देणार नाही हेही.

त्या वर्षी श्रावणात कल्याणहून फोन आला. रुचिताला दिवस गेले होते. मृणालिनीने देवापुढे साखर ठेवली आणि लगेच नवऱ्याला बजावलं, "हे बघा, बाळ हातात येईपर्यंत या घरात त्याच्यासाठी काडीसुद्धा आणायची नाही. टोपडं नाही, खुळखुळा नाही, काही नाही."

हे बजावण्यामागे कारण होतं. रुचिताच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. झाला आणि गेला. मृणालिनीच्या आईने हौसेने झबली-टोपडी आधीच शिवून ठेवली होती, आणि ती कपाटातल्या एका पिशवीत तशीच राहिली होती. पिशवी कोणी आणि कधी फेकली हे घरात कोणी विचारलं नाही, पण तेव्हापासून मृणालिनीसाठी तो नियम देवाच्या वरचा झाला. आत्मारामचा त्यावर विश्वास नव्हता. पण बायकोच्या त्या दुःखापुढे विश्वास-अविश्वासाची भाषा करायची नसते, एवढी अक्कल त्याला होती.

आणि तरी त्याच आठवड्यात त्याच्या मनात पाळणा आला.

पाळणा करायचा. आपल्या हाताने, सागवानी, चार पिढ्या टिकेल असा. बाजारातला स्टीलचा नाही. एकदा डोक्यात शिरल्यावर ते काही निघेना. बरं, आणायचं नाही असा नियम आहे, करायचं नाही असा कुठे आहे? शिवाय जोडला नाही तोवर तो पाळणा कसा? नुसत्या फळ्या नि दांडे. आत्मारामने मनातल्या मनात असा वकिली मुद्दा काढला आणि स्वतःच मान्य करून टाकला. सगळे भाग सुटे करून ठेवायचे, बाळ झाल्याचं कळलं की जोडायचे. तोवर कोणाला काही सांगायचं नाही. मृणालिनीला तर नाहीच.

पण त्यासाठी जागा हवी. मग त्याने तोवर केवळ विनोदाने मागितलेली खोली हट्टाने मागितली. मृणालिनी बघतच राहिली. "आता? पोर सातव्या महिन्यात बाळंतपणाला येणार, आणि तुम्हाला आता सुतारकी सुचतेय?"

"संक्रांतीपर्यंत देतो मोकळी करून. तोवर काय भुतं राहणार आहेत तिथे?"

"तिचा बाप आहात ना तुम्ही?"

"बाप आहे म्हणूनच," तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

शेवटी तीच दमली. रडली, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, मग खोलीतल्या चादरी घड्या करून नेल्या. आत्मारामने खिडकीखाली जाड फळ्यांचं टेबल ठोकलं, त्याला लाकूड पकडायचा व्हाइस बसवला. भिंतीवर खिळे मारून करवती, पटाश्या टांगल्या, काटकोन बघायचा गुण्या टांगला. रुचिताची पुस्तकं खोक्यात भरून कपाटावर चढवली. आरशावर तिने चिकटवलेल्या टिकल्या तेवढ्या राहू दिल्या. इतक्या वर्षांनी हत्यारं पिशवीतून भिंतीवर आली, आणि त्या दिवशी आत्माराम जेवायला दोनदा हाक मारल्यावर आला. हौस पाळण्याची होती की खोलीची, हे त्याने स्वतःला तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

लाकडासाठी तो काशीगावला महिपत पाटलांच्या वखारीत गेला. महिपतची जमीन हायवेच्या कडेची, बापजाद्यांनी भात लावलं, त्याने वखार घातली. देव्हारा करायचाय, ही घरात मारलेलीच थाप आत्मारामने तिथेही मारली. महिपतने एक फळी उचलून वास घेतला.

"हा नवा लाकूड ओला हाय, काका. आता घ्याल नि उन्हाल्यात तडकंल. मंग मलाच शिव्या द्याल. देवाचा काम हाय, त्याला जुना साग पायजे."

"आणि तो कुठे मिळेल?"

"आता कुठं मिलतोय? माझ्याकडं तर न्हाय. घरात बघा, जुनी खाट-बीट असंल तर."

महिपत सहज बोलून गेला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. आत्माराम घरी येईपर्यंत रिक्षात तेच घोळवत होता. खाट. तीच ती, भिंतीला उभी करून ठेवलेली, त्याच्या टेबलाच्या आड येणारी. पन्नास वर्षं मुरलेला साग. लेकीच्या खाटेचा नातवंडाला पाळणा, यापेक्षा गोड काय असणार? उशाची नाव कोरलेली फळी पाळण्याच्या डोक्याशी लावायची. रुचिता बघेल, ओळखेल, तिचे डोळे भरून येतील. हा प्रसंग त्याने इतक्या वेळा मनात बघितला की तो घडूनच गेल्यासारखा वाटायला लागला. खाट जिची होती तिला विचारावं असं काही त्याच्या मनाला शिवलं नाही. विचारलं असतं तर गंमत गेली असती ना!

मृणालिनी एका दुपारी मीरा रोडलाच पूनम सागरमध्ये बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. ती परत आली तेव्हा खाटेचे पाय कापून झाले होते. ती दारातच उभी राहिली. चिडेल, ओरडेल अशी आत्मारामने तयारी ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "देव्हाऱ्यासाठी? आपला आहे तो देव्हारा काय वाईट होता?" आणि स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवसापासून खोलीत दुपारभर काम चालायचं. रंधा सुरू झाला की जुन्या सागाचा वास घरभर पसरायचा. खालच्या मजल्यावरचे गुणवंतभाई एकदा वर आले. "आत्मारामभाई, घर में कारखाना खोला क्या? दोपहर को मिसेस की नींद उड जाती है." आत्मारामने हात जोडले, टेबलाच्या पायांखाली जुनी गोधडी घातली आणि काम चालू ठेवलं. हात अजून चांगला होता. सांधे असे बसले की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही. नावाच्या फळीला त्याने रंधा लावला नाही, नुसता पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, आणि ती चादरीत गुंडाळून भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दोन-तीन महिन्यांत तो जितका सुखी होता तितका कदाचित आयुष्यात कधीच नव्हता, आणि हीच गोष्ट त्याला पुढे सगळ्यात जास्त टोचली.

दिवाळीत पाडव्याला रुचिता आली. पाचवा महिना लागला होता. पोट किंचित दिसत होतं, चेहरा मात्र ओढलेला. बॅग मोठी होती. "चार दिवस राहणार आहे, आई," ती म्हणाली, "नुसती झोपणार आहे. मला उठवू नका." आणि चपला काढून, पाणीही न पिता, ती सवयीने सरळ आपल्या खोलीकडे गेली आणि दार ढकललं.

आत्माराम मागोमाग धावला. तो आवरून ठेवणार होता, पण ती येणार होती संध्याकाळी आणि आली दुपारी. खिडकीखाली टेबल. जमिनीवर रंध्याच्या साली. भिंतीशी कापलेले पाय, दांडे, फळ्या. रुचिताने सगळीकडे एकदा बघितलं, आणि मग जिथे खाट असायची तिथे बघितलं.

"बाबा, माझी खाट?"

"अगं, ती... देव्हारा करतोय. जुना साग मिळत नाही ना आता."

"माझ्या खाटेचा?"

"मी किती सांगितलं ह्यांना," मागून मृणालिनी म्हणाली.

सांगून टाकावं असं अगदी त्याच्या ओठांवर आलं. देव्हारा नाही गं बाई, तुझ्या बाळाचा पाळणा आहे. एवढं एक वाक्य. पण मृणालिनी तिथेच उभी होती. तिने ते ऐकलं असतं तर ती तिथेच मटकन बसली असती, आणि उरलेले महिने तिने जीव मुठीत धरून काढले असते. शिवाय, खरं सांगायचं तर, बारशाचा तो मनातला प्रसंगही त्याला सोडवत नव्हता. तो नुसता वेड्यासारखा हसला.

"देवासाठी ना?" रुचिता म्हणाली. "मग मी काय बोलणार." तिने बॅग उचलली आणि हॉलमध्ये नेऊन ठेवली.

संध्याकाळी तिने बापाला ओवाळलं. त्याने ताटात साडी घातली. रात्री हॉलमधल्या सोफा कम बेडवर मृणालिनीने तिला अंथरूण घालून दिलं, आणि आपल्या पलंगावर ये म्हणून दहा वेळा सांगितलं. ती नको म्हणाली. सकाळी सगळे झोपेत असतानाच बेल वाजली. गुणवंतभाई, त्यांची बायको, दोन सुना आणि नातवंडं साल मुबारक करायला आली होती. गुजरात्यांचं नवीन वर्ष कालच लागलं होतं, पण काल त्यांचं मंदिरातच सगळं राहून गेलं. रुचिता गाऊनवर दुपट्टा ओढत धडपडून उठली. चादर बगलेत, उशी हातात, केस सुटलेले. कुठे जावं हे तिला कळेना. आपल्या खोलीकडे दोन पावलं गेली, दारात भुसा बघून थांबली, मग बाथरूममध्ये गेली. हॉलमध्ये मंडळी मोहनथाळ खात बसली होती तोवर ती आतच होती.

मंडळी गेल्यावर ती बाहेर आली, कपडे बदलले, केस बांधले. दुपारी तिने बॅग भरली.

"चार दिवस म्हणाली होतीस ना?" मृणालिनीने बॅगेचा पट्टा धरला.

"अगं, सासूबाईंचे पाय दुखतायत. जाते."

आत्माराम तिला रिक्षापर्यंत सोडायला गेला. रिक्षात बसताना तिने त्याच्याकडे बघितलं, काही बोलेल असं वाटलं, पण ती म्हणाली, "देव्हारा छान करा, बाबा." ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने काम आणखी जोरात सुरू केलं. एकदा पाळणा झाला, एकदा तो तिच्यापुढे ठेवला, की सगळं ठीक होईल. तिला कळेल. माणूस चुकला की दुरुस्त करायच्या ऐवजी ती चूकच अधिक नीटनेटकी करत बसतो, त्यातली गत.

पौषात डोहाळजेवण करून तिला आणायला जायचं, असं ठरलं होतं. मृणालिनीने डिंकाच्या लाडवांची तयारीसुद्धा आपल्या नियमात बसवून ठेवली होती, कारण लाडू आईसाठी असतात, बाळासाठी नव्हे. आत्मारामने दिवस बघायला पंचांग काढलं आणि कल्याणला फोन लावला. रुचितानेच घेतला.

"आणायला येऊ नका. मी इथेच थांबते."

"म्हणजे? अगं, पहिलं बाळंतपण. माहेरीच असतं."

"हॉस्पिटल इथून जवळ आहे. डॉक्टरही ओळखीच्या झाल्यात."

"खोलीचं म्हणत असशील तर मी उद्या रिकामी करतो. उद्या! सगळं गच्चीवर नेऊन टाकतो."

ती म्हणाली, "खोली रिकामीच होती ना, बाबा, तुमच्या मते?"

मृणालिनीने फोन हिसकावून घेतला. रडून झालं, समजावून झालं, शपथा घालून झाल्या. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली, एकदा नाही म्हणजे नाही. फोन ठेवल्यावर मृणालिनीने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डिंक डब्यात तसाच राहिला. पुढचे दोन महिने ती नातेवाइकांना सांगत राहिली, तिकडे हॉस्पिटल जवळ आहे ना, आणि प्रत्येक वेळी ते सांगताना खाली बघत राहिली. कोकणातल्या घरातून मुलगी पहिलटकरीण असून माहेरी येत नाही म्हणजे लोक काय समजायचं ते समजतात.

शिमग्याच्या सुमारास मुलगी झाली. दोघी सुखरूप. स्वप्नीलचा फोन आला तेव्हा मृणालिनीने आधी भिंत धरली आणि मग देवघराकडे गेली. आत्माराम खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि सुटे भाग जोडायला बसला. प्रत्येक खुंटी आपल्या भोकात बिनतक्रार गेली. शेवटी त्याने चादर सोडली आणि नावाची फळी डोक्याशी बसवली.

मृणालिनी साखर घेऊन आली. पाळणा बघून तिचा हात तसाच राहिला.

"हा देव्हारा?"

"तुझ्यामुळे सांगता आलं नाही गं."

ती खाली भुशातच बसली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला सांगायचं नव्हतं ते समजलं. तिला का नाही सांगितलंत? माझ्यामागे, फोनवर, चिठ्ठीत, कसंही?" खरं उत्तर एकच होतं, आपल्याला तिचं आश्चर्यचकित झालेलं तोंड बघायचं होतं, आणि ते या वयाच्या माणसाला बायकोपुढे म्हणता येईना.

बारशाला टेम्पोत पाळणा घालून ते घोडबंदर रोडने कल्याणला गेले. वळणावळणाला आत्माराम मागे वळून दोऱ्या बघत होता. त्याला अजूनही आशा होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

कल्याणच्या घरात त्याने काय बघितलं? हॉलच्या एका कोपऱ्यात दोरीवर साडी टाकून आडोसा केला होता, आणि त्यामागे जमिनीवर गादी. गादीवर रुचिता, डोक्याला फडकं बांधलेली, कुशीत बाळ. साडीच्या अलीकडे सासरे पेपर वाचत होते, दीर टीव्हीचा आवाज बारीक करून मॅच बघत होता. सगळे जपत होते तिला, सगळे सांभाळून वागत होते. पण साडी ती साडी. कोणी शिंकलं तरी बाळ दचकत होतं. विहीणबाई, सुगंधाताई, मृणालिनीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आम्ही पाठवतच होतो हो. आमच्यातही पहिलं माहेरीच करतात. पण तीच म्हणाली, तिकडे जागा नाही." आत्मारामने ते ऐकलं.

पाळणा फुलांनी सजवला. बायकांनी बाळाला पाळण्याच्या वरून खालून फिरवलं, आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. सगळ्यांनी पाळण्याचं कौतुक केलं. हाताने केलाय? अगदी दुकानातला वाटतो! रुचिता पाळण्याच्या डोक्याशी बसली होती. तिने फूल बाजूला सारलं आणि तिला आपलं नाव दिसलं. ती त्यावर बोट ठेवून बसून राहिली. हाच तो क्षण, पावसाळ्यापासून आत्मारामने मनात सांभाळून ठेवलेला. तो जवळ जाऊन बसला.

"देव्हारा नव्हता गं," तो हळूच म्हणाला. "आईच्या भीतीने सांगितलं नाही. तुझ्याच बाळासाठी होता."

तिचे डोळे भरून आले. तेवढं त्याच्या मनासारखं झालं.

"छान झालाय, बाबा," ती म्हणाली. "पण पाळणा काय, कोणीही दिला असता. बाळ झोळीतही झोपतं. मला खाट हवी होती."

"अगं, पण..."

"दोन महिने दार लावून झोपायचं होतं मला. एवढंच. लग्न झाल्यापासून मी दार लावून झोपलेली नाही. पाडव्यालाही चार दिवस त्यासाठीच आले होते." हे ती इतक्या हळू म्हणाली की साडीच्या पलीकडे कोणाला ऐकू गेलं नसेल. इतकं हळू बोलायची सवय तिला इथे लागली होती.

आत्मारामने तिने बाजूला सारलेलं फूल उगाच हातात घेतलं. आपण पाळण्याचं निमित्त करून स्वतःसाठी एक खोली घेतली होती, आणि ती हिच्याकडून घेतली होती. आता निमित्त फुलं लावून समोर टांगलेलं होतं, सुंदर दिसत होतं, आणि लाकूड काही परत खाट होणार नव्हतं. परतताना टेम्पोत तो मागे बसला, रिकाम्या दोऱ्या गुंडाळत.

महिन्याभरात स्वप्नीलचा फोन आला. "बाबा, रागावू नका, पण पाळण्याला जागा होत नाही हो. सुटा करून माळ्यावर ठेवला तर चालेल?" आत्माराम म्हणाला, चालेल. तो सुटाच करायला बनवला होता.

मग त्याने खोली आवरायला घेतली. टेबल मोडलं, व्हाइस काढला, भिंतीवरचे खिळे उपटून भोकं पुट्टीने बुजवली. रंग काढला. हत्यारं पिशवीत घालून पिशवी पुन्हा पलंगाखाली ढकलली. भाईंदरच्या एका दुकानातून नवा पलंग आणला, गादी आणली, पडदे मृणालिनीने शिवले. पुस्तकं खोक्यातून काढून होती तशी लावायचा प्रयत्न केला, पण ती कशी होती हे दोघांनाही नीट आठवेना. फरशीच्या सांध्यांतून भुसा तरी निघत राहिला. कितीही झाडलं तरी.

गौरींना रुचिता बाळाला घेऊन आली. या वेळी चार दिवसांसाठीच. हॉलमध्ये बसली, पाणी प्यायली, गौरीला नमस्कार केला. जेवणं झाली तरी ती हॉलमध्येच होती. बाळ पेंगायला लागलं तेव्हा तिने विचारलं, "आई, आम्ही कुठे आडवं व्हायचं?"

खोलीचं दार सताड उघडं होतं. आतला नवा पलंग तिला बसल्या जागेवरून दिसत होता.

"अगं, कुठे म्हणजे? तुझ्या खोलीत!" मृणालिनी म्हणाली.

"बरं," ती म्हणाली, आणि उठली. पलंगाच्या कडेला अंग चोरून आडवी झाली, बाळाला भिंतीकडे घेतलं. पाहुणी निजते तशी. हॉलमध्ये भांड्यांचा आवाज होत होता, गुणवंतभाईंची बायको प्रसादाला येऊन बडबडत होती. आत्माराम लगबगीने उठला, पाय न वाजवता दारापाशी गेला, आणि कडीला हात घालून दार हळूच ओढून घ्यायला लागला.

"राहू द्या, बाबा," आतून रुचिता म्हणाली. तिने डोळेसुद्धा उघडले नव्हते. "उघडंच राहू द्या. आता दार लावलं की मला झोप येत नाही."

त्याने दार होतं तितकं पुन्हा उघडलं, आणि हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं.